मुळं नसलेले दात

तिला सगळे दातमावशी म्हणत. तिचा स्वतःचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, आणि त्यावरून कुणी हसलंच तर ती म्हणायची, "मी माझ्या मांडीत मावत नाही ना, नाहीतर तोही बघितला असता."

मांडीत मावणं ही तिच्याकडे यायची पहिली अट होती. पाच-सहा किलोंच्या वरच्या कुत्र्याला ती हात लावत नसे. तिचं दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. खिडकीकडे तोंड केलेली एक बुटकी खुर्ची, शेजारी जुन्या टॉवेलांची चळत, टेबलावर उकळून पुसून ठेवलेली बारीक हत्यारं आणि एक वाटीभर पाणी. दारावर जावयाने हौसेने रंगवून दिलेली पाटी होती. 'लहान कुत्र्यांचे दात साफ करून मिळतील. भूल न देता.' शेवटचे तीन शब्द लाल रंगात आणि बाकीच्यांपेक्षा मोठे. जावई तसा आळशीच होता, पण ते तीन शब्द त्याने दोनदा रंग देऊन काढले होते.

तिची लेक एका दुकानात कापड मोजायची आणि जिभेने तिखट होती. ती म्हणायची, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझ्या आईचं बघा, कसं मजेत भरतंय!" खोटं नव्हतं. मावशीकडे कुत्री बसायची आणि इतर कुणाकडे बसायची नाहीत, एवढं सोपं होतं ते. घरी ब्रश दाखवला की पलंगाखाली शिरणारं कुत्रं तिच्या मांडीत आलं की गप्प. ती त्याला टॉवेलात गुंडाळायची, फक्त तोंड बाहेर, डाव्या कोपराच्या बेचक्यात डोकं, आणि मग नाकातून एक सूर धरायची. सूर कसला, घूंऽऽ असा एकसारखा आवाज. त्यात ना ताल ना चाल.

तो आवाज तिने एका यंत्राकडून उचलला होता. बावीस वर्षं ती माणसांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. कवळीला शेवटची चकाकी द्यायचं चाक फिरायचं तेव्हा तो घूंऽऽ व्हायचा, आणि मावशी दिवसभर त्याच्याबरोबर गुणगुणायची. हजारो दात तिच्या हाताखालून गेले. दात पाहून ती सांगायची, हा माणूस कुठल्या बाजूने चावणार, हा हसताना तोंड झाकणार. पुढे नवीन यंत्रं आली, ती न थकता आणि न गुणगुणता काम करू लागली, आणि मावशी पन्नाशीला घरी बसली. घरी बसून करायचं काय, म्हणून शेजारणीच्या कुत्रीचे पिवळे पडलेले दात तिने एका दुपारी घासून दिले. ते असे लखलखले की शेजारीण आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कुत्रीचा ओठ वर करून दाखवत होती. धंदा तिथून सुरू झाला.

त्याच शेजारणीची ही कुत्री पुढे एकदा डॉक्टरकडे दात काढायला नेली आणि परत उठलीच नाही. ही गोष्ट मावशीकडे येणाऱ्या प्रत्येकाने ऐकली होती. सांगताना ती हातातलं काम थांबवायची. "इंजेक्शन दिलं, झोपवली, आणि झोपलीच ती कायमची. एवढासा जीव! माझ्याकडे जागेपणी होतंय ना सगळं? मग कशाला विषाची परीक्षा?" ऐकणारा आपलं कुत्रं घट्ट धरायचा. कुत्री तेव्हा सोळा वर्षांची होती आणि तिची मूत्रपिंडं केव्हाच हात टेकून बसली होती, हा भाग सांगून सांगून हळूहळू गळून गेला होता. मावशी खोटारडी नव्हती. गोष्ट चांगली वठायची, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी चौकात जनावरांचा नवा दवाखाना उघडणारी डॉक्टरीणबाई तिच्याकडे मुद्दाम आली होती. पोरगी जेमतेम तिशीची. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, "मावशी, तुमचा हात फार चांगला आहे. पण तुम्ही फक्त वरचं साफ करता. खरा रोग हिरडीखाली असतो, आणि तिथे जागेपणी कुणालाच पोचता येत नाही. वरून चकाकी आली की लोक निर्धास्त होतात, हे जास्त वाईट." मावशीने तिला चहाही विचारला नाही. "तुम्ही जन्मायच्या आधीपासून दात बघतेय मी," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांत ड्रायव्हरसाहेब तिचे लाडके. निवृत्त बसड्रायव्हर, एकटे राहणारे, आणि इतके टापटिपीचे की बुटांत तोंड बघून घ्यावं. मोजेसुद्धा वर ओढून सारखे केलेले. तीन महिन्यांनी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते दारात हजर असायचे आणि काखेत बटण. बटण हे तीन किलोंचं, तपकिरी, बारा वर्षांचं कुत्रं. नाव डोळ्यांवरून पडलेलं. काम झालं की मावशी त्याचा ओठ बोटाने वर करायची आणि म्हणायची, "हस रे, साहेबांना दाखव!" दात पांढरेशुभ्र असायचे. ड्रायव्हरसाहेब वाकून एका बाजूने बघायचे, मग दुसऱ्या बाजूने, आणि म्हणायचे, "वा! गाडी कालच कारखान्यातून निघाल्यासारखी."

या बटणला एक खोड होती. रोज सकाळी साहेब मोजे घालायला बसले की हा एक मोजा पळवायचा. मग साठी उलटलेला तो शिस्तीचा माणूस एक पाय उघडा घेऊन घरभर त्याच्या मागे. साहेब ही तक्रार इतक्या प्रेमाने सांगायचे की मावशीला तो पाठलाग न बघता पाठ झाला होता. पण वर्ष झालं, ती खोड गेली होती. "सुधारला हो," साहेब म्हणाले होते. "मोजा समोर ठेवला तरी बघत नाही. वयाने शहाणा झाला." यावर मावशी म्हणाली होती, "माझ्याकडे येऊन येऊन वळण लागलं त्याला!" दोघं खूप हसले होते.

त्या दिवशीही सगळं नेहमीसारखं चाललं होतं. टॉवेल, कोपर, घूंऽऽ. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूच्या खालच्या मोठ्या दाताशी तिचं हत्यार निसटलं आणि दाताच्या कडेने खाली गेलं. जायचं तेवढं गेलं आणि पुढेही गेलं. मावशी थबकली. आता टणक काहीतरी लागेल, मग लागेल, असं तिला वाटत होतं. लागत नव्हतं. दाताशेजारी नुसती पोकळी होती, आणि हत्यार बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला पू होता.

बटण ओरडला नाही. हललाही नाही. त्याने फक्त श्वास धरून ठेवला आणि मावशीकडे वर बघितलं. टॉवेलातून तिच्या मांडीला एक बारीक थरथर लागत होती. ही थरथर काही नवी नव्हती. गेल्या वर्षभरात ती दरवेळी लागली होती, आणि मावशीने दरवेळी ती थंडीच्या नावावर टाकून टॉवेल घट्ट केला होता. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने टॉवेल सैल केला.

"साहेब," ती म्हणाली, "आज पुरे. आपण याला चौकातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवू या. आत्ताच."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईने मावशीला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही आणलं नाही. तिने बटणचं तोंड हलक्या हाताने बघितलं, जबड्याखालून बोट फिरवलं आणि सरळ सांगितलं. हिरडीखाली रोग खूप पसरलाय. जबड्याचं हाड पातळ झालं असावं. एवढ्याशा कुत्र्याचा जबडा अशा वेळी कडक बिस्किट चावतानाही मोडू शकतो. किती नुकसान झालंय ते एक्स-रे काढल्यावर कळेल, आणि खराब दात काढायचे तर भूल द्यावीच लागेल.

भूल म्हटल्याबरोबर ड्रायव्हरसाहेबांनी बटणला टेबलावरून उचललं.

"नाही. मला माहीत आहे काय होतं ते. झोपवलेलं कुत्रं उठत नाही."

"साहेब, ऐका तरी..." मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्हीच सांगितलंत! त्या शेजारणीच्या कुत्रीचं. किती वेळा सांगितलंत! मला दुसरं आहे कोण घरात?" आणि ते निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं दार धाडकन लावलं असेल.

मावशी दाराकडे बघत उभी राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे सरकवली. मग संगणकावर एक जुना एक्स-रे उघडला. "हे दुसरं कुत्रं आहे, याच्याएवढंच. दात वरून अगदी स्वच्छ होते."

मावशी वाकून बघत राहिली. वरचा दात तिला लगेच ओळखू आला. त्याच्याखाली दोन लांब पाय होते, दातापेक्षा लांब, हाडात खोल रोवलेले. त्यातल्या एका पायाभोवती हाड नव्हतंच, नुसता काळा डाग होता.

"हे काय?" तिने विचारलं.

"मुळं."

"इतकी लांब?"

"अर्ध्याहून जास्त दात आतच असतो मावशी."

मावशीने पडद्यावरच्या त्या मुळांवरून बोट फिरवलं. बावीस वर्षं तिने दात हाताळले होते. रंग, आकार, चावा, चकाकी, सगळं तिला कळायचं. पण तिच्या हातून गेलेल्या एकाही दाताला मूळ नव्हतं. कवळीचा दात हिरडीपाशी संपतो. तो चकचकीत झाला की काम झालं, डबीत घालायचा आणि पाठवून द्यायचा. जिवंत तोंडातले दातही ती तसेच घासत आली होती, हिरडीपर्यंत, आणि पुढे जग संपलं. तिला त्या पोरीसमोर रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"तेव्हा तुम्हाला चहा विचारला नाही मी," ती नाक पुसत म्हणाली.

"आता मी विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाली.

चहा पिताना मावशीने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. "उठेल ना तो?"

"शंभर टक्के मी कधीच म्हणत नाही. आधी रक्त तपासू, हृदय बघू. त्यात काही निघालं तर मीच थांबेन. झोपेत असताना एक माणूस फक्त त्याच्या श्वासाकडे आणि ठोक्यांकडे बघत बसेल. धोका थोडा आहे. काहीच न करण्याचा खूप जास्त आहे. आणि दुखतंय त्याला मावशी. रोज दुखतंय."

दुसऱ्या दिवशी मावशी ड्रायव्हरसाहेबांच्या घरी गेली. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, पण बसा म्हणाले नाहीत. स्वयंपाकघरात ते बटणचं खाणं पाण्यात भिजवून चमच्याने चेचत होते. बटण खाली बसला होता, मान डावीकडे कलती करून. दारातून दिसणाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात साहेबांचे बूट आणि त्यावर घडी घातलेले मोजे, जागच्या जागी.

"साहेब, मी चुकले," मावशी उभ्यानेच म्हणाली. "ती कुत्री सोळा वर्षांची होती. आधीच आजारी होती. ते मी सांगायचं सोडून दिलं. गोष्ट छान व्हायची म्हणून."

साहेब चेचत राहिले.

"तुम्ही बस काढायच्या आधी काय करत होतात रोज?"

"काय म्हणजे?"

"डेपोतून गाडी बाहेर काढायच्या आधी."

"खाली वाकून बघायचो," साहेब नाइलाजाने म्हणाले. "सगळे हसायचे मला. पण तेल कुठे गळतंय, काय सैल झालंय, ते काचा पुसून कळत नाही."

"मी काचा पुसत होते," मावशी म्हणाली. "पाच वर्षं. खाली वाकलेच नाही. आणि तुम्ही माझ्या भरवशावर गाडी चालवलीत."

चमचा थांबला. साहेबांनी बटणकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या मोज्यांकडे.

"तो शहाणा नव्हता झाला," ते म्हणाले.

"नाही."

"त्याला धरता येत नव्हता मोजा."

मावशीने मान हलवली. साहेब ओट्याला टेकून उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढला. मग तो पुन्हा घातला आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "ठीक. पण तुम्ही आत राहायचं. त्याच्याजवळ. झोपताना आणि उठताना. माझ्याच्याने बघवणार नाही."

मावशीच्याने तरी कुठे बघवणार होतं? पण ती हो म्हणाली.

रक्त ठीक निघालं, हृदय वयाच्या मानाने बरं. ठरलेल्या सकाळी डॉक्टरीणबाईने मावशीला हात धुवायला लावले आणि टेबलाजवळ स्टूल दिलं. मावशीने बटणला टॉवेलात घेतलं, कोपरात डोकं ठेवलं आणि घूंऽऽ सुरू केलं. आवाज फाटत होता. पुढच्या पायात सुई गेली, औषध गेलं, आणि तिच्या हातातलं ते तीन किलोंचं गाठोडं एकदम जड झालं. थरथर थांबली. इतकी वर्षं तो तिच्या मांडीत यायचा, पण इतका सैल तो कधी झालाच नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं. घशात नळी बसली, यंत्र टिक्टिक् करू लागलं. दवाखान्यातली मदतनीस त्या आकड्यांवरून नजर काढत नव्हती.

मावशीला बाहेर जाता आलं असतं. ती गेली नाही. तिने एक्स-रे बघितला, पातळ झालेलं हाड बघितलं. तुटायच्या बेतात होतं, पण तुटलं नव्हतं. तोंडात उरलेल्या एकतीस दातांपैकी बावीस काढावे लागले. एकेक दात तबकात पडायचा आणि मावशी तो बघायची. वरून पांढरा, तिच्या हातचा. खाली मूळ, किडलेलं, तपकिरी. बावीसच्या बावीस बघितले तिने. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण तिला ते आपलं देणं वाटलं.

टाके झाले. औषध बंद केलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता वाट बघायची." घड्याळात फार वेळ गेला नसेल, पण मावशीचं त्यात आयुष्य गेलं. तिने पुन्हा सूर धरला. या वेळी तो फाटला नाही. आधी एक कान हलला. मग जीभ. नळी निघाली, बटणने गिळलं, एक डोळा अर्धा उघडला, आणि तो झिंगलेल्या माणसासारखा मावशीच्या बाहीवर लाळ गाळू लागला. बाहेर बाकावर ड्रायव्हरसाहेब ताठ बसले होते, हात मांडीवर, जणू गाडी सुटायची वेळ व्हायचीय. मावशीने दारातून नुसतं म्हटलं, "उठला." त्यांनी मान हलवली आणि ती हलवतच राहिले.

घरी आल्यावर मावशीने स्टूलावर चढून पाटीवरचे लाल तीन शब्द घासून काढले. जावयाने दोनदा रंग दिला होता, त्यामुळे नाकी नऊ आले. लेक खालून म्हणाली, "आई, गिऱ्हाइकं जातील." मावशी म्हणाली, "जाऊ देत." गेलीही काही. मग तिने वही काढून जुन्या एकेकाला फोन लावले. आधी डॉक्टरीणबाईंकडे तपासून घ्या, मग माझ्याकडे या, घरी रोज कसे घासायचे ते मी शिकवते. कुणी चिडलं, कुणी हसलं, आठ-दहा जण मात्र आले. एक बाई तर कुत्र्याऐवजी स्वतःच्याच बोटावर ब्रश घासत बसली आणि कुत्रं बघत राहिलं. डॉक्टरीणबाईनेही निरोप पाठवला, आठवड्यातून दोन दिवस येता का? कुत्री झोपेपर्यंत आणि उठताना तुमच्या मांडीत राहिली तर फार बरं पडेल.

सगळं मार्गी लागत होतं, पण ड्रायव्हरसाहेबांचा पत्ता नव्हता. दहा दिवस झाले, बारा झाले. फोन केला तर म्हणाले, "खातोय. झोपतोय. बोलत नाही माझ्याशी," आणि ठेवला. मावशी फोन हातात धरून बसली. वाचला, पण आतून कोमेजला असेल तर? बावीस दात काढून आपण त्याचं हसूही काढून घेतलं असेल तर?

पंधराव्या दिवशी सकाळी ती एका पोरीला बोटांत ब्रश कसा धरायचा ते शिकवत होती. दार वाजलं. ठरलेली वेळ नव्हती आणि पाच मिनिटं आधीही नव्हती. दारात ड्रायव्हरसाहेब उभे होते, धापा टाकत, केस विस्कटलेले. काखेत बटण. मावशीची नजर आधी खाली गेली, कारण काहीतरी चुकल्यासारखं दिसत होतं. बूट चकचकीत होते. डाव्या पायात मोजा होता, वर ओढून नीट केलेला. उजवा पाय बुटात तसाच, उघडा.

"साहेब, दुसरा मोजा?"

"देत नाहीये," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. "घरापासून ओढतोय. देतच नाहीये!"

बटणने हिरड्यांत घट्ट धरलेला काळा मोजा एकदा जोरात झटकला आणि मावशीकडे बघून गुरगुरला.